आधी पकड, लॉक नंतर

दादा, ज्युदोतल्या नवख्यांना पहिल्याच महिन्यात हाताचं लॉक, म्हणजे कोपर अडकवून ताणायचा डाव, शिकवावं का, असं विचारलंत. माझं मत, अजिबात नको. आधी केसा-गतामे, म्हणजे बाजूला बसून समोरच्याला पाठीवर दाबून धरायची पकड, पक्कं होऊ द्या. आमच्याकडे अमळनेरला येणारी बरीच पोरं आखाड्यातली. पाठ टेकली की संपलं, हे अंगात भिनलेलं, त्यामुळे खाली जाताच पालथी होतात आणि गळा आयता देतात. जमिनीवरच्या पकडीत इप्पोनला, म्हणजे सामना जिंकून देणाऱ्या पूर्ण गुणाला, २० सेकंद लागतात, तेवढ्यात सुटता येतं, हे करूनच दाखवावं लागतं. पकडीत मी दोनच गोष्टी बघतो: समोरच्याचा हात काखेत घट्ट हवा आणि आपले पाय फाकलेले. पाय जवळ आले की वरचा लगेच उलटतो. आणि समोरच्याने हार मानून थाप मारली की तत्क्षणी सोडायचं, हे मात्र पहिल्याच दिवशी.