राखाडी पीस, टोकाशी काळा पट्टा: कबुतराचंच का? पंखाचं की शेपटीचं?

गच्चीकर:
एकाच जागी पडलेली चार पिसं आहेत.
अ) १२ सेंमी, राखाडी, टोकाजवळ रुंद काळा पट्टा, त्यापुढे राखाडी कड.
आ) १७ सेंमी, निमुळतं, गडद राखाडी, दांड्याच्या उजवीकडचं पातं अगदी अरुंद.
इ) १० सेंमी, बोथट टोक, टोकाकडचा भाग काळा.
ई) बोटाच्या पेराएवढं, हिरवट-जांभळं चमकतं.
पक्षी एकच की दोन? कावळा किंवा होला असू शकेल का?

देठपारखी:
चारही कबुतराची वाटतात. पण रंगावरून सुरुवात करू नका. आधी पीस अंगावर कुठलं ते आकारावरून ठरवा, मग पक्षी.

अ शेपटीचं. शेपटीत १२ पिसं असतात. मधल्या पिसांची दोन्ही पाती जवळपास सारखी, कडेला जाऊ तसं बाहेरचं पातं अरुंद होत जातं. सगळ्यात कडेच्या पिसाचं बाहेरचं पातं मुळाकडे पांढरट असतं. होल्याच्या शेपटीच्या कडेच्या पिसांत क्रम उलटा: मुळाकडे काळं, टोकाकडे पांढरं. होला इथेच बाद.

आ पंखाच्या टोकाकडचं, म्हणजे प्रायमरी. कबुतराला अशी दर पंखात १० असतात. कावळ्याचं पीस खालूनही गडद दिसतं, कबुतराचं खालून फिकट रुपेरी. उलटं करून बघा.

इ सेकंडरी, म्हणजे पंखाच्या आतल्या, अंगाकडच्या भागातलं. पंख मिटल्यावर जे काळे पट्टे दिसतात, त्यातला मागचा पट्टा असल्या पिसांच्या टोकांचाही बनतो. ई मानेचं, त्याबद्दल वाद नको.

उजवा_डावा:
आ कुठल्या पंखाचं तेही सांगता येईल. देठ स्वतःकडे, टोक पुढे, पिसाची वरची बाजू वर. वरची बाजू म्हणजे किंचित फुगीर, चकचकीत. खालच्या बाजूला दांड्यावर खाच असते. अशा धरलेल्या पिसाचं अरुंद पातं उजवीकडे आलं तर पंख डावा. इथे हमखास घोळ होतो, कारण पंख पसरल्यावर अरुंद पातं पुढच्या, म्हणजे वारा कापणाऱ्या कडेला असतं आणि लोक पीस उलटं धरून मोजतात.

लांबी देठाच्या टोकापासून पिसाच्या टोकापर्यंत, पीस दाबून सपाट न करता घ्या. झिजलेलं टोक २-३ मिमी सहज खातं.

राखी_पट्टा:
वरच्या उत्तरात एक भर. शहरी कबुतरं पाळीव जातींशी मिसळलेली असतात. विटकरी पट्ट्यांच्या कबुतराच्या शेपटीला काळा पट्टाच नसतो, पांढऱ्यात तर काहीच नसतं. म्हणून पट्टा नाही म्हणजे कबूतर नाही, असं धरू नका. उलट एकाऐवजी तीन-चार आडवे पट्टे दिसले तर शिकारी पक्ष्याचा विचार करा.

कोरड्या, ताज्या पिसावर काळं कापड हलकेच फिरवा. कबुतराच्या पिसातली भुकटी पांढरट डागासारखी उमटते. पावसात भिजलेल्या पिसावर हा प्रयोग फसतो. भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

देठपारखी:
मान्य. पट्ट्यावर मीही जरा जास्तच भर दिला.

गच्चीकर, एक राहिलं: पीसगळतीत मोठी पिसं एकेक करून पडतात, प्रायमरी तर आतून बाहेर क्रमाने. शेपूट, पंख आणि मान यांची पिसं एका जागी म्हणजे झटापट झाली असण्याची शक्यता मोठी. देठ चावून तुटलेला किंवा चिरडलेला असेल तर मांजर. देठ शाबूत, फार तर दांड्यावर चोचीची खूण असेल तर पक्षी. देठात रक्त असेल तर पीस अजून वाढत होतं, ते आपोआप गळलेलं नाही. चारही देठांचे जवळून फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून, दोन्ही बाजूंनी, फ्लॅश न वापरता. फ्लॅशने रंग बदललेला दिसू शकतो.