बॅनरला मराठीत नेमका कुठला शब्द?

आमच्या पथकाचं शिगम्याचं (गोव्यातला शिमगा) निवेदन मराठीत करायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. इंग्रजी कागदात बॅनर हा एकच शब्द पाच जागी आहे आणि पाचही जागी वस्तू वेगळी. मिरवणुकीच्या पुढे दोन पोरं दोन काठ्यांना धरून चालतात ते पथकाच्या नावाचं कापड, मागे रोमटामेळात, म्हणजे ढोल-ताशांवर नाचत जाणाऱ्या मेळात, ओस्सय ओस्सय करत बांबूवर नाचवतात ती उंच रंगीत कापडं, रस्त्यावर आडव्या दोरीला लावलेले त्रिकोणी कागद, नाक्यावरचा पुढाऱ्यांच्या हसऱ्या फोटोंचा फ्लेक्स, आणि शेवटी "अमुक संस्थेच्या बॅनरखाली". डिक्शनरी उघडली तर झेंडा, ध्वज, पताका, निशाण, फलक सगळे एका ओळीत, जसे काय एकाच आईची जुळी. कुठला कुठं घालू?

*

जुळी अजिबात नाहीत हो. नाम बघू नका, क्रियापद बघा, लगेच कळेल. झेंडा रोवतात, ध्वजाचं आरोहण होतं, पताका खांद्यावर घेतात नाहीतर दोरीला लावतात, निशाण नाचवतात, बावटा दाखवतात, फलक धरतात. आणि बॅनर? आमच्या फोंड्यात बॅनर "मारतात". काल रात्री चौकात बॅनर मारला म्हणतात, कोकणीतल्या मारप (मारणे) या क्रियापदाची सवय, पण ध्वज मारला असं कोणी म्हणेल का? अदलाबदल करून बघा, अटकेपार बॅनर लावला म्हटलं की मराठ्यांची 1758ची सगळी स्वारी प्रिंटिंग प्रेसच्या दारात येऊन उभी राहते.

ध्वज शब्दाला मान आहे, तो देवळाचा नाहीतर देशाचा. गोव्यात आपण 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीशिवाय 19 डिसेंबरलाही, गोवा मुक्तिदिनी, ध्वजारोहण करतो, तिथं झेंडारोहण कोणी छापत नाही, पण घरी आई मात्र "झेंड्याला गेलेलास का रे" असंच विचारते. संस्कृतात तर ध्वज म्हणजे ओळखच, अर्जुन कपिध्वज, विष्णू गरुडध्वज, शंकर वृषध्वज, ज्याच्या झेंड्यावर जे चित्र ते त्याचं नाव. पताका त्यापेक्षा हलकी, आषाढीला वारकऱ्याच्या खांद्यावर भगवी आणि मांडवात कागदाची. म्हणजे तुमचे त्रिकोणी कागद पताकाच, त्यांना तोरण म्हणू नका, तोरण आंब्याच्या पानांचं आणि ते दाराला.

या कागदी माळेला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, बंटिंग. तो एकदा फोनवर भाषांतराला टाकला तर उत्तर आलं भारीट! म्हणजे शेतातला चिमणीएवढा पक्षी, त्यालाही इंग्रजीत बंटिंगच म्हणतात. छापलं असतं तर चतुर्थीच्या मांडवात भारीट टांगावे लागले असते.

निशाण मूळ फारसी, खूण या अर्थाचं. म्हणून निशाणी म्हणजे आठवण, निवडणुकीत उमेदवाराचं चिन्ह, आणि निशाणा म्हणजे नेम. रोमटामेळातल्या उंच कापडांना निशाणच लिहा, आमच्याकडे जुनी माणसं तेच म्हणतात.

*

वरच्या यादीत बावटा एका शब्दात उरकलात, त्याचं वाईट वाटलं, कारण मी दर्याकाठचा. कोकणीत तर झेंड्याला सरळ बावटो म्हणतात, मराठीत मात्र बावटा म्हटलं की काहीतरी इशारा असतो (लाल बावट्याच्या युनियनवाल्यांची गोष्ट वेगळी). बीचवर जीवरक्षक लाल-पिवळे बावटे लावतात, पोहायचं ते त्या दोघांच्या मध्ये, नुसता लाल असला तर पाण्यात पाय घालू नये. आणि वादळ आलं की बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला म्हणतात, पण गंमत अशी की तिथं कापडाचा तुकडा नसतोच, दिवसा शंकू आणि नळकांडी चढवतात आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे. वस्तू गेली तरी शब्द दांडीवर तसाच.

आणि बॅनर आपल्याला वाटतो तितका परका नाही, निदान गोव्यात नाही. पोर्तुगीजांच्या झेंड्याचं नाव बांदेइरा, तो आणि बॅनर दोन्ही एकाच जुन्या जर्मानिक मुळाचे, बॅनर फक्त फ्रेंचांच्या घरून फिरून इंग्रजीत आला. तिकडे आधी बॅनर म्हणजे सरदाराचा चौकोनी झेंडा. खालच्या शिलेदाराच्या काठीला शेपट्यावालं निमुळतं निशाण असायचं, लढाईत बढती मिळाली की त्याच्या शेपट्या कापून चौकोन करायचे, झाला बॅनर! आता नाक्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांना तोच मान.

*

सगळ्यांना धन्यवाद. निशाणं आणि पताका झाल्या. "बॅनरखाली"ला "च्या वतीने" केलं, कारण झेंड्याखाली लिहिलं तर आमची संस्था लढाईला निघाल्यासारखी वाटते, सिनेमावाल्यांना बॅनर शोभतो, आम्हाला नाही. नाक्यावरच्याला फ्लेक्सच ठेवला, त्याला फलक म्हणवेना, फलक म्हटलं की शाळेतला काळा फळा आणि खडूनं लिहिलेला सुविचार समोर येतो.

राहिलं पुढचं कापड. मी हौसेनं नामपताका लिहिलं. पथकातले एक काका, चाळीस वर्षं ढोल वाजवतायत, त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "बाबा, ते कापड रे, नावाचं कापड." मग तेच लिहिलं आणि ते छापून घ्यायला म्हापशाला गेलो. दुकानातल्या पोराला म्हटलं, पथकाच्या नावाचं कापड करायचंय, दोन्ही बाजूंना काठी जाईल अशी शिवण पाहिजे. त्यानं कॉम्प्युटरवरून मान वर न करता विचारलं, "बॅनर काय? किती बाय किती?"

सहा बाय तीन म्हटलं.