शं. बा. जोशींना आपण मराठी माणसांनी आपलं म्हणायचं की नाही?

खानापूरकर
मार्गशीर्षात बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर, चंदगड, निपाणीहून गाड्याच्या गाड्या येतात, ‘उदं गं आई उदं’ करत भंडारा उधळतात. त्याच तालुक्यातलं गुर्लहोसूर म्हणजे कन्नड संशोधक शं. बा. जोशींचं जन्मगाव, साल 1896. आपल्या घरांत त्यांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

धारवाडला शाळामास्तर होते. विद्यापीठाची पदवी नाही. पण ताम्रपटात ज्यांना जागा नाही त्या धनगर-गवळ्यांचा इतिहास शोधायला हा माणूस आयुष्यभर झिजला. शोधला कुठे? गावांच्या नावांत, देवांच्या नावांत, बायकांच्या बोलण्यात. ‘हट्टी’ म्हणजे कन्नडमध्ये गुराढोरांची वस्ती. या एका शब्दाचा त्यांनी किती लांबवर माग काढला! 1933 साली ‘कण्मरेयाद कन्नड’ लिहिलं, म्हणजे डोळ्याआड झालेलं कन्नड. महाराष्ट्रातल्या गावांच्या नावांत त्यांना कन्नडच्या खुणा दिसल्या.

आणि पुढे ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. आपल्याशी वाद घालायचा तर आपल्या भाषेत येऊन घातला. केवढा आदर आहे यात! आमची आज्जी ‘तूप वाढ गं’ म्हणायची, भिंतीपलीकडच्या काकू ‘तुप्पा’ म्हणायच्या. लहानपणी मला त्या दोन भाषा वाटल्याच नाहीत. जोशी वाचल्यावर कळलं, की तिथे अख्खा इतिहास बसलाय.

तिसरं रेल्वे गेट
दादा, तुमचा आदर कळला. पण आमच्याकडे हे जोशी वेगळ्या वाटेनं आले. आजोबांनी 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना फुलं वाहायला जाणं कधी चुकवलं नाही. एका कचेरीत त्यांना जोशींचा दाखला देऊन तोंडावर ऐकवलं गेलं, “गोदावरीपर्यंत कन्नडच होतं, मग बेळगावचं काय घेऊन बसलाय?” घरी येऊन ते जेवले नाहीत.

आणि पद्धतीचं काय? आवाजाला आवाज जुळला की नातं लागलं? ‘मऱ्हाट’मध्ये ‘हट्ट’ ऐकू येतो म्हणून हट्टी लोकांशी सांधा जोडायचा, हा पुरावा म्हणायचा का? श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळ कोरलेली आहे. म्हणून आम्ही तो हासन जिल्हा मागायला गेलो का?

मलप्रभाकाठ
माहेर कन्नड, सासर मराठी, म्हणून बोलते. ती ओळ एकटी नाही ओ. मूर्ती चावुंडरायानं करवली, ही एकच गोष्ट तिथे कन्नड, तमिळ आणि मराठीत सांगितलीय. कन्नडमध्ये ‘माडिसिदं’, मराठीत ‘करवियलें’. कोरणाऱ्याला भाषांचं वावडं नव्हतं. ज्ञानेश्वरांच्या अभंगातसुद्धा विठ्ठल ‘कानडा’ आणि ‘कर्नाटकु’ आहे, त्यानं पंढरपूर कुणाचं कमी झालं का?

कावेरी ते गोदावरी हे जोशींच्या मनचं नाही. नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ या कन्नड ग्रंथात ते आलंय. राग त्यांच्यावर का काढायचा?

तिसरं रेल्वे गेट
ताई, राग त्यांच्यावर नाही, त्यांना हत्यार करणाऱ्यांवर आहे. 1956 साली भाषेवर राज्यं पाडली तेव्हा इथली माणसं काय बोलत होती यावर आमचं भांडण आहे. नवव्या शतकात काय बोलत होती यावर नाही. 2004 पासून सुप्रीम कोर्टात सीमेचा दावा आहे, तोही आजच्या माणसांचा.

खानापूरकर
हे शंभर टक्के मान्य. व्युत्पत्तीवरून सीमा ठरत नाही, आणि ठरवू पाहणाऱ्याला जोशी कळलेच नाहीत. तुमच्या आजोबांना बोललं गेलं ते वाईटच. काही व्युत्पत्ती ताणलेल्या आहेत, तेही खरं. पण पहिली पायवाट पाडणाऱ्याचे पाय काट्यात जाणारच की. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ बघायला आपण जातो, कदंब राजांची पलाशिका नगरी ती हीच म्हणून पोरांना सांगतो. देवळामागं मेंढरं राखणाऱ्याचे पूर्वज कोण, हे विचारायला जोशींनी शिकवलं. हे ऋण मी मानतो.

तिसरं रेल्वे गेट
मेंढपाळांचं म्हणणं पटतंय. ‘हट्ट’ नाही पटत, अजिबात नाही. आणि एक सांगतो. आमच्याशी बोलायला ज्यांनी मराठी वापरली, त्यांच्याच जिल्ह्यात मला माझ्या शेताचा उतारा मराठीत मिळत नाही. आई दर वेळी शेजारच्या पोराकडून वाचून घेते. जोशींचा मान राखायचा म्हणता ना? मग तो उतारा तिला वाचता येईल असा द्या.