बजेट एअरलाइन्सना एवढं स्वस्त तिकीट परवडतं तरी कसं?

चौकस_चंदू: सेलमधली तिकिटं बघून डोकं चालेना झालंय. बॅगेचं भाडं तिकिटापेक्षा जास्त, म्हणजे माणूस स्वस्त आणि सामान महाग! इंधन, पायलट, क्रू, विमानतळाची फी हे सगळं भागतं कशातून? मेंटेनन्समध्ये तर हात मारत नाहीत ना? माहीतगारांनी जरा उलगडून सांगा.

खिडकीवाला: ते भाडं सगळ्यांना मिळतच नाही ना. त्या भावात थोड्याच सीट काढतात, त्या संपल्या की भाव वर, मग आणखी वर, आणि आदल्या दिवशी ज्याला जायलाच लागतंय तो गुपचूप चौपट मोजतो. विमान एकदा उडालं की रिकाम्या सीटचे शून्य रुपये, ती काय उद्या विकता येत नाही, म्हणून काहीतरी मिळालेलं बरं.

आडवा_रनवे: वरचं बरोबर आहे पण खरी गंमत खर्चात आहे. विमान जमिनीवर उभं असलं की कमाई बंद, हप्ता मात्र चालू. अमेरिकेतल्या साउथवेस्ट या बजेट एअरलाइनकडे १९७२ मध्ये चार विमानं होती, पैशाची चणचण म्हणून एक विकावं लागलं आणि तिघांतच वेळापत्रक ओढायचं ठरलं, म्हणून उतरल्यापासून १० मिनिटांत परत उडवायला शिकले. युरोपातली रायनएअर २५ मिनिटांचं टार्गेट ठेवते. सीट मागे झुकत नाही, समोर खिसा नाही, हा नुसता कंजूसपणा नाही, मोडायला आणि साफ करायला तेवढंच कमी. शिवाय ताफा शक्यतो एकाच जातीचा, म्हणजे पायलटचं ट्रेनिंग एक, स्पेअर पार्ट एक. बिझनेस क्लास ठेवला तर एअरबसच्या ए३२० विमानात साधारण १५० सीट बसतात, सगळं इकॉनॉमी करून दाटीवाटीने १८६ पर्यंत नेता येतात. इंधन थोडंसंच जास्त, पण खर्चाचे भागीदार ३६ ने वाढले की!

हँडबॅग_ओन्ली: आणि बॅग, सीट निवडणं, आधी चढणं, विमानातली कॉफी हे विसरू नका. युरोपातल्याच विझ एअरच्या उत्पन्नात असल्या जादा गोष्टींचा वाटा जवळपास निम्मा आहे, रायनएअरचा एक तृतीयांशाच्या आसपास. तिकीट म्हणजे नुसतं गळाला लावलेलं आमिष. विमानतळही लांबचा घेतात, फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून १२० किमीवर आहे, असे विमानतळ गिऱ्हाईक यावं म्हणून फी कमी करतात. पुढे बसचे पैसे तुमचे.

चौकस_चंदू: हे पटलं. पण सेफ्टीचं कोणी बोललंच नाही?

आडवा_रनवे: नियम आणि तपासण्या महागड्या कंपनीला ज्या त्याच यांनाही. रायनएअर १९८५ पासून उडतेय, अपघातात एकही प्रवासी दगावलेला नाही. मला विचाराल तर भीती विमान पडायची नाही, कंपनी बुडायची आहे. लेकर या ब्रिटिश कंपनीची स्कायट्रेन ही लंडन-न्यूयॉर्क स्वस्त विमानसेवा १९७७ ला सुरू होऊन १९८२ ला बंद, आइसलँडची वॉव एअर मार्च २०१९ मध्ये एका रात्रीत बंद, प्रवासी जिथल्या तिथे अडकले. लांब पल्ल्याला हे गणित अवघडच जातं, कारण तिथे सगळ्यांचीच विमानं तासन् तास हवेत असतात, मग उतरल्यावर झटपट परत उडवण्याचा फायदा उरतो कुठे?

खिडकीवाला: म्हणून लांबचं तिकीट क्रेडिट कार्डवर काढायचं, कंपनी बुडालीच तर बँकेकडे पैसे मागायची सोय तरी राहते.