चावी फिरवली की नुसतं ‘टक्’, इंजिन फिरतच नाही

पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी साडेतीन वर्षांची. सेल्फ मारला की एकदाच ‘टक्’ होतं, डॅशबोर्डचे दिवे एकदम मंद होतात. स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) गेला की बॅटरी?

पाना१०: लगेच स्टार्टरवर खापर फोडू नका. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टीमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. मग गाडी न्यूट्रलला ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर आधी चार्ज करा. तरीही कोसळला तर बॅटरी बदला.

प्रश्नकर्ता: १२.५ आहे. सेल्फ मारताना १२.२. दिवे मात्र मंद होतातच.

वायरमन: मग बॅटरी निर्दोष सुटली! एवढा कमी उतार म्हणजे स्टार्टरपर्यंत करंट पोचतच नाहीये. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर (वर आलेल्या खुंटावर), दुसरी त्याच पोस्टवर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर टेकवा आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष तिथेच. आत पांढरट थर बसलेला असतो, वरून दिसत नाही. १० नंबरचा पाना घ्या, निगेटिव्ह आधी सोडा, जोडताना शेवटी. कोमट पाण्यात खायचा सोडा, जुना टूथब्रश, मग कोरडं पुसून सँडपेपर.

पाना१०: दोन्ही क्लॅम्प बघा. ते ठीक निघाले तर बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे आवळलेली असते तो बोल्ट. तिथला गंज कोणी बघतच नाही.

प्रश्नकर्ता: निगेटिव्ह क्लॅम्पवर ३.८ व्होल्ट! घासून आवळला, पहिल्या सेल्फला सुरू.