न चिरलेल्या लाकडाचे घर आणि मुळशीचे रान

आढे-वासे (धागाकर्ता)

मुळशी तालुक्यात आमची अठ्ठावीस गुंठे जमीन आहे आणि तीवर निवृत्तीनंतर राहण्याजोगे आणि तोवर शनिवार-रविवारी कोथरूडहून जाण्याजोगे लहानसे घर बांधण्याचा विचार गेली दोन वर्षे घोळतो आहे. लाकडाची चौकशी करण्यासाठी गेल्या महिन्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो होतो. तिथे एका वखारीत एक गोल ओंडका करवतीवर चढवलेला पाहिला. चार फेऱ्यांत त्याच्या चारही बाजू सालीसकट निघून बाजूच्या ढिगात पडल्या आणि मधला चौरस तुकडा तेवढा ‘माल’ ठरला. वर्तुळातून मोठ्यात मोठा चौरस काढला तरी ३६ टक्के क्षेत्रफळ बाहेर राहते, हे गणित शाळेत केले होते. पण तो ढीग पाहीपर्यंत ते कधी खरे वाटले नव्हते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात रोआल्ड गंडरसन या वास्तुरचनाकाराने अख्खी झाडे, फांद्यांच्या बेचक्यांसकट, न चिरता खांब आणि तुळया म्हणून वापरण्याची पद्धत रुजवली आहे. दाट वाढलेल्या जंगलाची विरळणी करताना जी बारीक किंवा वाकडी झाडे काढावीच लागतात, त्यांना एरवी जळणापलीकडे फारशी किंमत येत नाही. ती तिथे घराचा सांगाडा होतात. हे वाचताना मला आपली मेढ आठवली. वर दुबेळके म्हणजे बेचके असलेला खांब, त्या दुबेळक्यात ठेवलेले आढे म्हणजे छपराच्या कण्याची आडवी तुळई आणि आढ्यावरून उतरणारे गोल वासे, यांत करवतीचे काम जवळजवळ नाहीच. मावळातले जुने घर याच रीतीने उभे राहत आले.

माझे म्हणणे एवढेच आहे की सिमेंट आणि लोखंडाऐवजी बांधावरचा सिल्व्हर ओक, नीलगिरी आणि सागाच्या खासगी लागवडीतील विरळणीची झाडे वापरून घर उभारावे आणि कापलेल्या प्रत्येक झाडामागे वाढती झाडे राखावीत. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनातील सात ते आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे; उलट एक घनमीटर सुके लाकूड सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते. पुण्याजवळ असे घर बांधणे शहाणपणाचे होईल का, यावर मते हवी आहेत.

कडीपाट

धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला ही कल्पना मुळातच चुकीच्या दिशेने जाणारी वाटते. विस्कॉन्सिन थंड प्रदेशात आहे. आपल्याकडची वाळवी आणि आपला पाऊस तिथे नाही. पुणे शहरात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि ताम्हिणीच्या बाजूला त्याच्या कित्येक पट. विरळणीतला कोवळा साग म्हणजे बहुतांशी बाहेरचे पांढरे लाकूड असते, कारण गाभा धरायला झाडाला वर्षे लागतात. सागाची कीर्ती आहे ती गाभ्याची. पांढऱ्या लाकडाला वाळवी आणि भुंगा इतर कुठल्याही लाकडाइतकाच लागतो. ‘सागवानी घर’ म्हणून आपण जे उभे कराल त्याला दहा वर्षांनी काय म्हणावे लागेल, ते आताच ठरवून ठेवावे.

दुसरा मुद्दा मला अधिक जवळचा आहे. आमचा नारायण पेठेतला वाडा पाडला तेव्हा मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहत असे. माजघरावरची एक तुळई खाली आली तेव्हा तिच्या अंगावर तासणीचे घाव स्पष्ट दिसत होते, एकाखाली एक, माशाच्या खवल्यांसारखे. मजुराने ती लांबीत बसावी म्हणून कापली, तर आतून सागाचा तेलकट वास आला. दीडशे वर्षे चुलीचा धूर खाऊनसुद्धा! ती तुळई आणि तिच्या बारा बहिणी एका ट्रकमध्ये गेल्या. बहुधा कुणाच्या तरी बंगल्यात त्यांचे झोपाळे झाले असतील. पेठांमधून असे वाडे अजूनही पडत आहेत आणि ते लाकूड आपल्याच टिंबर मार्केटमध्ये येते. पूर्ण पिकलेला, वाळलेला, गाभ्याचा साग विकत मिळत असताना उभे झाड कापायचे कशासाठी? शनिवारवाड्यासाठी साग जुन्नरच्या रानातून आला असे सांगतात. ते रान एकदा आपण वापरून झालो आहोत.

सिव्हिलवाला

दोघांच्याही म्हणण्यात थोडी दुरुस्ती करतो. ताकदीच्या बाबतीत धागाकर्ते बरोबर आहेत. खरे तर त्यांनी कमीच सांगितले. एकाच ओंडक्यापुरते बोलायचे तर गोल तुळई ही त्यातून चिरलेल्या चौरस तुळईपेक्षा वाकण्याच्या बाबतीत सुमारे दोनतृतीयांशाने जास्त भार घेते. चौरसाऐवजी उत्तम प्रमाणातला उभा आयत काढला तरी गोल लाकूड त्याच्या दीडपट ठरते. याखेरीज करवत झाडाचे तंतू आडवेतिडवे कापते. गोल लाकडात ते गाठीला वळसा घालून अखंड जातात, आणि हा फायदा वरच्या आकडेमोडीत धरलेलाच नाही.

अडचण सुरू होते ती लाकूड वाळताना. लाकूड परिघाच्या दिशेने जेवढे आक्रसते त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आक्रसते, त्यामुळे अख्खा ओंडका वाळताना फुटतोच. एका बाजूने गाभ्यापर्यंत उभी खाच आधीच मारून ठेवली तर भेग तिथेच पडते आणि ती बाजू भिंतीकडे वळवता येते. त्याहून मोठी अडचण सांध्यांची आहे. दोन चौरस तुळयांचा सांधा कोणताही सुतार काटकोन धरून करतो. दोन वाकड्या, निमुळत्या गोल तुळयांचा प्रत्येक सांधा मात्र वेगळा असतो आणि तो जागेवरच बेतावा लागतो. असा सुतार आज पुण्यात शोधून दाखवावा. आमच्या महाविद्यालयात लाकडी बांधकामाच्या आय.एस. ८८३ या मानकाला संपूर्ण अभ्यासक्रमात दोन तास मिळाले होते आणि त्यातल्या एका तासाला प्राध्यापक आले नाहीत.

आगीचा प्रश्न कोणी काढण्याआधीच सांगतो. जाड लाकूड मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने बाहेरून कोळसा होत जाते आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला झाकतो. उघडे लोखंड तापून वाकते, त्या मानाने हे बरे.

कडीपाट

आगीचा प्रश्न मी काढणारच होतो. शनिवारवाड्याचे सागवान काही बारीक नव्हते, तरी १८२८ च्या आगीनंतर तिथे दगडी तट आणि जोती उरली. कोळशाचे झाकण किती काळ पुरते हे आग विझवणारा बंब किती लांबून येणार यावर अवलंबून असते आणि मुळशीच्या आतल्या गावांत तो किती वेळाने येईल हे मी सांगायला नको. राहता राहिला कार्बन. शनिवार-रविवारी कोथरूडहून मोटारीने जायच्या घरासाठी कार्बनचा हिशेब मांडायचा असेल, तर त्यात पेट्रोलही धरावे.

आंबेगावकर

मी मूळचा भीमाशंकरच्या पायथ्याचा, महादेव कोळी समाजातला. आता नोकरीमुळे पिंपरीत असतो. वरची चर्चा वाचून असे वाटले की रान म्हणजे कुणाचीच वस्ती नसलेली लाकडाची वखार आहे आणि तिच्यातून किती घ्यावे एवढेच काय ते ठरायचे राहिले आहे.

आमच्याकडे मालकीच्या रानातल्या ऐनाचे टहाळ दर वर्षी राबासाठी उतरवतात. झाड तोडत नाहीत. फांद्या उतरवून त्या भाताच्या रोपाच्या जागेवर भाजतात आणि पुढच्या पावसाळ्यात तेच झाड पुन्हा फुटते. हिरड्याला तर कुऱ्हाड लावायचा विचारही कुणी करत नाही, कारण उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवून विकला की वर्षभराचा मीठमिरचीचा खर्च निघतो. माझ्या आजीच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या होत्या. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. तशी वाळलेली कारवी आणून, विणून, तिच्यावर शेणमातीचा गिलावा केला जाई. देवराईतून मात्र वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी पुणे जिल्ह्यातल्या देवराया अभ्यासल्या, त्या याच नियमामुळे शिल्लक होत्या. सांगायचे म्हणजे, रानावर जगणे हे घराच्या आराखड्यापासून सुरू होत नाही. कोणत्या झाडाचे काय घ्यायचे, कधी घ्यायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरलेले असते. घर त्यातून जमेल तसे होते.

आणि हे ठरवणार कोण? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्या ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला. किती तोडायचा हे तिथे ग्रामसभेत बसून ठरले. अठ्ठावीस गुंठेवाल्यांनी शेजारच्या वाडीला काही विचारले आहे का, हे या धाग्यात कुठेच दिसले नाही. कायद्याचेही भान असावे. साग, ऐन, किंजळ, हिरडा, आंबा, फणस, जांभूळ ही झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाखाली परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. माझ्या चुलत्याला घराची मोडकी मेढ बदलायला स्वतःच्याच बांधावरचा एक ऐन तोडायचा होता. परवानगीच्या कागदासाठी त्याने सात खेपा घातल्या आणि शेवटी सिमेंटचा खांब उभा केला. शहरातला माणूस त्याच कागदासाठी एक वकील लावतो.

आढे-वासे

आंबेगावकर यांचा आक्षेप मला लागला आणि तो खरा आहे. वाडीत मी कुणालाही विचारलेले नाही. जमीन दाखवणाऱ्या दलालाशिवाय तिथल्या कुणाशी धड बोललोही नाही. मावळातल्या घराची तारीफ मी केली, पण त्या घरामागचा राब आणि हिरडा माझ्या हिशेबात नव्हता.

कडीपाट यांचे म्हणणे मात्र मला अर्धेच पटते. वाड्याचे लाकूड उत्तम आहे, पण ते संपत जाणारे आहे आणि वाडा पडला तरच ते मिळते. माझ्या घराला सागवान मिळावे म्हणून कुणाच्या तरी नारायण पेठेतल्या घरावर हातोडा पडण्याची वाट मी पाहावी, हेही मला रुचत नाही. शिवाय सगळ्यांनीच तसे करायचे ठरवले तर ते पुरणार नाही आणि मग पुन्हा परदेशातून आलेला साग घ्यावा लागेल. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केल्यापासून तोही आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडींतून येतो. त्या जहाजाचे तेल मोजले तर माझे कोथरूडचे पेट्रोल क्षुल्लक ठरेल.

म्हणून बेत असा बदलतो. साग, ऐन, किंजळ पूर्ण वगळले. आमच्या बांधावर मागच्या मालकाने लावलेले एकतीस सिल्व्हर ओक आहेत. ती झाडे १९६४ च्या अधिनियमाच्या यादीत नाहीत. त्यांपैकी सहा ते सात इंच व्यासाची बावीस झाडे खांब आणि वासे म्हणून घ्यायची, बाकीची उभी ठेवायची. आढे आणि दोन मुख्य तुळया मात्र जुन्या वाड्याच्या. भिंती मातीच्या.

कडीपाट

आढे आणि तुळया जुन्या घेणार असाल तर माझा निम्मा विरोध संपला. उरलेला सिल्व्हर ओकपुरता आहे, कारण त्याला वाळवी फार लवकर धरते. तुळयांची लांबी आणि दोन खांबांमधला खण किती ठेवणार तेवढे इथे लिहावे. माझ्या माहितीच्या एका वखारीत बारा फुटी जोडी आहे, ती जाण्याआधी पाहता येईल.

सिव्हिलवाला

सिल्व्हर ओक तोडल्यावर ओला असतानाच साल काढून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात ठेवावा, म्हणजे हे वाळवीविरोधी औषध आत मुरते. मात्र हे औषध पावसाच्या पाण्याने धुऊन जाते, त्यामुळे छपराचा पुढावा निदान तीन फूट ठेवावा आणि एकही खांब उघड्यावर येऊ देऊ नये. बारा फुटी खण असेल तर सहा इंची वासे अडीच फुटांवर चालतील का, हे कौलांचे वजन कळल्यावर करून देतो.

आंबेगावकर

खांब जमिनीत पुरू नका. आमच्या जुन्या घरांत मेढ पुरत असत, पण ती ऐनाची असे आणि तरीही बुडातून कुजे. म्हणून तर बदलावी लागे. वाड्यात होता तसा दगडी तळखडा घ्या आणि खांब त्यावर उभा करा, म्हणजे वाळवी वर चढताना तिचा मातीचा पदर डोळ्यांना दिसतो आणि झाडूने काढता येतो. झाडे पावसाळ्यात तोडू नका. दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडा, असे आमचे म्हातारे सांगतात. पंधरवड्याचे खरे-खोटे सिव्हिलवाला यांनी पाहावे. मेढ उभी करायला सहा माणसे लागतात. ती वाडीतूनच घ्यावी लागतील, तेव्हा दिवाळीआधी एकदा तिकडे जाऊन या. मी येत्या रविवारी मोकळा आहे, मुळशीला सोबत हवी असेल तर कळवावे.