एमडी५ मोडला म्हणजे नेमकं काय मोडलं?
एमडी५ हा हॅश काढायचा एक प्रकार; तो कुठल्याही फायलीचा किंवा पासवर्डचा ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश, बनवतो. तो मोडलाय म्हणजे हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येतो का, असा प्रश्न पडतो. नाही. एकच हॅश असलेल्या दोन फायली घडवणं आणि दिलेल्या हॅशवरून मूळ मजकूर शोधणं, हे दोन वेगळे हल्ले आहेत.

सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात २३ कामगार असले, की कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पण नेमका १४ जानेवारीला, ऐन गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत जन्मलेला कुणी हवा असेल, तर तेवढ्याच शक्यतेसाठी २५३ माणसं लागतात.

हल्ल्याचा पहिला प्रकार म्हणजे कोलिजन: कुठल्याही दोघांचा वाढदिवस जुळावा तसा दोन वेगळ्या फायलींचा हॅश एकच निघणं. यात हल्लेखोर दोन्ही फायली स्वतःच घडवतो. १२८ बिटांच्या एमडी५साठी नुसत्या जोरावर साधारण २ चा ६४वा घात इतके प्रयत्न लागले असते. पण रचनेतच दोष निघाला, २००४ मध्ये जोड्या सापडल्या आणि आता साध्या लॅपटॉपवर हे सेकंदांत होतं. म्हणून समोरच्याने बनवलेली करारपत्राची पीडीएफ एमडी५वर मुळीच पडताळू नका. एसएचए-१ हा दुसरा हॅशही नको, त्याची अशी जोडी २०१७ मध्ये निघाली. एसएचए-२५६ हा हॅश घ्या.

दुसरा प्रकार, म्हणजे नेमका १४ जानेवारीचा माणूस शोधावा तसा दिलेल्या हॅशचा मूळ मजकूर शोधणं, हा वेगळा. पासवर्ड फुटतात ते हॅश उलटा करून नाही, अंदाज लावून. हॅश वेगवान असतो, ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. तिथे नुसता एसएचए-२५६ही कामाचा नाही; प्रत्येक खात्याला वेगळा सॉल्ट (हॅश काढण्याआधी पासवर्डला जोडायचा यादृच्छिक मजकूर) आणि मुद्दाम संथ ठेवलेला बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ हा पासवर्डसाठीचा हॅश हवाच.